कीर्ती खेळाडूची, गल्ला कुणाचा?

१९३६च्या ऑगस्टमध्ये जेसी ओवेन्सने बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकली. त्या वर्षी जगात त्याच्याइतका गाजलेला धावपटू दुसरा नव्हता. त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो क्युबातल्या हवानामध्ये पैशासाठी एका घोड्याशी शर्यत लावत होता. ऑलिंपिकनंतर अमेरिकेच्या हौशी ॲथलेटिक्स संघटनेने त्याला युरोपभर प्रदर्शनी शर्यतींत पळवले. तिकिटांचे पैसे संघटनेला मिळत, ओवेन्सला नाही. थकून तो दौरा अर्धवट सोडून घरी परतला, तर संघटनेने त्याला निलंबित केले. घोड्याबरोबर धावण्यावरून लोकांनी नाके मुरडली, तेव्हा त्याने विचारले की चार सुवर्णपदके काही खाता येत नाहीत, मग मी करायचे तरी काय?

आता सर्वाधिक कमावणाऱ्या खेळाडूंची २०२५ची फोर्ब्सची यादी पाहा. क्रिस्टियानो रोनाल्डोची बारा महिन्यांची कमाई २७.५ कोटी डॉलर. या नव्वद वर्षांत काय बदलले, असे विचारले की टीव्ही आला, खेळ जगभर पोचला, असे उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खेळाडूच्या नावावर पैसा ओवेन्सच्या काळातही होत होता, फक्त तो दुसऱ्याच्या गल्ल्यात पडत होता. तो खेळाडूच्या हाती कसा आला, हा इतिहास मैदानापेक्षा कोर्टात, संघटनांच्या बैठकांत आणि वकिलांच्या कचेऱ्यांत जास्त घडला.

श्रीमंत खेळाडू ही आधुनिक गोष्ट नाही, हे दाखवायला रोमन रथस्पर्धांतल्या गायस ॲप्युलियस डायोक्लीसचे नाव हमखास घेतले जाते. दुसऱ्या शतकातल्या एका शिलालेखात त्याची कारकीर्द कोरलेली आहे: २४ वर्षे, ४,२५७ शर्यती, १,४६२ विजय आणि ३,५८,६३,१२० सेस्टर्स एवढी बक्षिसे. या आकड्याचे डॉलर करून ‘इतिहासातला सर्वात श्रीमंत खेळाडू’ अशा बातम्या अधूनमधून फिरत असतात. त्यांच्याकडे जरा संशयानेच पाहावे. रोमन नाण्यांचे आजच्या चलनात रूपांतर करायची सर्वमान्य रीत नाही. शिवाय तिथे रथ आणि घोडे संघांच्या मालकीचे असत, तेव्हा सगळी रक्कम सारथ्याच्याच खिशात गेली असे मानता येत नाही. कीर्ती एकाची आणि हिशेब दुसऱ्याचा, ही अडचण थेट तिथपासूनची आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडने या अडचणीत हौशीपणाची भर घातली. पैशासाठी खेळणे म्हणजे हलकेपणा, ही कल्पना अर्थातच ज्यांना पैशाची ददात नव्हती त्यांची. क्रिकेटमध्ये हौशी ‘जंटलमेन’ आणि व्यावसायिक ‘प्लेयर्स’ यांची ड्रेसिंग रूमसुद्धा वेगळी असे, आणि हा भेद १९६२च्या हंगामापर्यंत टिकला. गंमत म्हणजे या व्यवस्थेतला सर्वात मोठा हौशी खेळाडू डब्ल्यू. जी. ग्रेस व्यावसायिकांपेक्षा कितीतरी जास्त कमवत असे. १८७३-७४च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्याने १,५०० पौंड घेतले. बरोबरच्या व्यावसायिकांना प्रत्येकी १७० पौंड मिळाले. हौशीपणाचा नियम सगळ्यांना सारखा कधीच नव्हता. जिम थॉर्पला तो पुरता भोवला. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉन आणि पेंटॅथलॉन जिंकलेल्या या मूळनिवासी अमेरिकन खेळाडूने त्याआधी कधीतरी किरकोळ पगारावर बेसबॉल खेळला होता, एवढ्यावरून १९१३मध्ये त्याची पदके काढून घेतली. तो १९५३मध्ये वारला. सहविजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागले १९८२मध्ये, आणि एकमेव विजेता म्हणून २०२२मध्ये.

उघडपणे पैसा घेणाऱ्यांची स्थिती मात्र फार निराळी नव्हती. बेब रूथचा १९३०चा पगार ८० हजार डॉलर होता आणि राष्ट्राध्यक्ष हूवर यांचा ७५ हजार. यावर ‘माझे वर्ष त्यांच्यापेक्षा चांगले गेले’ असे रूथ म्हणाल्याचा किस्सा सगळीकडे सांगतात. तो खरोखर तसे म्हणाला की नाही याबद्दल शंका आहे. कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी की याच रूथला १९१९च्या अखेरीस बोस्टनच्या मालकाने न्यूयॉर्क यँकीजला एक लाख डॉलरला विकले होते, आणि त्या सौद्यात ‘नाही’ म्हणायचा हक्क त्याला नव्हता. बेसबॉलच्या करारात एक राखीव कलम असे. करार संपला तरी खेळाडूवर संघाचा ताबा राही, दुसरीकडे जायचे तर मालकाने सोडले पाहिजे. इंग्लिश फुटबॉलमध्ये याला पगारमर्यादेची जोड होती. १९६१पर्यंत तिथल्या कोणत्याही खेळाडूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त देताच येत नसे. स्टॅनली मॅथ्यूजला बघायला हजारोंनी लोक यायचे, तरी मर्यादा म्हणजे मर्यादा.

ती मोडली संपाच्या धमकीने. जिमी हिलच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने १९६१च्या जानेवारीत संपाची तयारी केली आणि लीगने माघार घेतली. फुलहॅम क्लबचा अध्यक्ष टॉमी ट्रिंडर हा मुळात विनोदी नट. मर्यादा नसती तर आमच्या जॉनी हेन्सला मी १०० पौंड दिले असते, असे तो बिनधास्त सांगत असे. मर्यादा गेली आणि त्याला बोललेला शब्द पाळावा लागला.

अमेरिकेत ही लढाई बेसबॉलपटू कर्ट फ्लडने अंगावर घेतली. १९६९मध्ये सेंट लुईस संघाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे बेसबॉलच्या आयुक्तांना कळवून त्याने खटला भरला. १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला, आणि त्याची कारकीर्द तोवर संपलीही होती. पण मार्विन मिलरच्या खेळाडू संघटनेने वाट सोडली नाही. १९७५च्या डिसेंबरमध्ये पीटर साइट्झ या लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या गोलंदाजांच्या बाजूने निकाल दिला, आणि राखीव कलमातली जान गेली. युरोपीय फुटबॉलला हेच वळण लावले जाँ-मार्क बोस्मान या बेल्जियमच्या साध्या खेळाडूने. करार संपल्यावरही लिएज क्लब त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जाऊ देईना. १५ डिसेंबर १९९५ला युरोपीय न्यायालयाने ठरवले की करार संपलेल्या खेळाडूसाठी क्लबला बदलीची रक्कम मागता येणार नाही, आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंवर परदेशी म्हणून संख्येची मर्यादाही घालता येणार नाही. जो पैसा एक क्लब दुसऱ्या क्लबला देत होता, तो आता पगार आणि सही करण्याच्या रकमेच्या रूपाने खेळाडूकडे वळला. फ्लड असो की बोस्मान, वाट मोकळी करणाऱ्याच्या वाट्याला त्या पैशातले जवळपास काही आले नाही.

पगाराची ही बाजू झाली. पण आजच्या यादीतल्या पहिल्या नावांची निम्म्याहून जास्त कमाई पुष्कळदा पगाराबाहेरची असते, आणि तिचा उगम एजंट नावाच्या माणसात आहे. १९२५-२६मध्ये सी. सी. पाईल या अमेरिकन प्रवर्तकाने आधी अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या रेड ग्रेंजला आणि मग टेनिसची सम्राज्ञी सुझान लाँग्लेनला व्यावसायिक दौऱ्यांवर नेले. लाँग्लेनला ५० हजार डॉलर मिळाले आणि हौशी टेनिसची दारे कायमची बंद झाली. इंग्लंडमध्ये डेनिस कॉम्प्टनची गोष्ट सांगतात. हा माणूस क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही गाजवणारा, पण व्यवहारात अगदी गबाळा. न फोडलेल्या पत्रांनी भरलेली त्याची सुटकेस बॅगनल हार्वेकडे गेली. त्यात एका वृत्तपत्राचे वर्षाला २,००० पौंडांच्या स्तंभलेखनाचे निमंत्रण निघाले, आणि उत्तर न आल्याने ते मागे घेत असल्याचे दुसरे पत्रही त्यातच निघाले! हार्वेने त्याचे व्यवहार हाती घेतले आणि ब्रिलक्रीमच्या जाहिरातींतून कॉम्प्टनचे केस इंग्लंडभर झळकले.

या धंद्याला शास्त्र बनवले ते क्लीव्हलंडचा वकील मार्क मॅकॉर्मॅक याने. १९६०मध्ये गोल्फर अर्नोल्ड पामरशी त्याचे नुसत्या हस्तांदोलनावर ठरले आणि त्यातून आयएमजी ही कंपनी उभी राहिली. मॅकॉर्मॅकने ओळखले की विजय विकले तर ते पराभवाबरोबर संपतात. माणूस विकला तर तो खेळ थांबल्यावरही चालतो. पीजीए टूर या व्यावसायिक गोल्फ स्पर्धामालिकेत पामरची आयुष्यभराची बक्षिसे १९ लाख डॉलरही भरत नाहीत. टूरवरचा शेवटचा विजय १९७३चा. तरीही २०१६मध्ये मृत्यू होईपर्यंत सर्वाधिक कमावणाऱ्या निवृत्त खेळाडूंत त्याचे नाव असायचे. माझ्या मते आधुनिक सुपरस्टारचा जन्म कुठल्या सामन्यात नव्हे, या हस्तांदोलनात झाला.

टीव्हीने मग प्रमाणच बदलून टाकले. ८ मार्च १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर भिडले, तेव्हा दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले. थिएटरांत पडद्यावर दाखवलेल्या थेट प्रक्षेपणाच्या तिकिटांतून ते उभे राहिले. क्रिकेटमध्ये १९७७चे पॅकर प्रकरण याच कारणाने घडले. ऑस्ट्रेलियातल्या केरी पॅकरला त्याच्या चॅनल नाइनसाठी प्रक्षेपणाचे हक्क हवे होते, क्रिकेट मंडळ देईना, म्हणून त्याने खेळाडूच करारबद्ध केले. इतक्या सहज ते मिळाले, कारण मंडळे त्यांना फार थोडे देत होती. १९८१मध्ये अर्थतज्ज्ञ शेरविन रोझेन यांनी या सगळ्यामागचे गणित मांडले. एकाच्या खेळाचा आनंद तंत्रज्ञानामुळे एकाच वेळी कोट्यवधींना पोचवता येत असेल, तर गुणांतल्या किंचित फरकानेही उत्पन्नात प्रचंड अंतर पडते. शंभरावा खेळाडू पहिल्यापेक्षा थोडाच कमी असतो, पण प्रेक्षकाला तो का बघायचा असेल?

बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनने पामरचे सूत्र पुढच्या पायरीवर नेले. १९८४मध्ये त्याचा ओढा आदिदासकडे होता. नायकीच्या बैठकीला तो आईच्या आग्रहामुळे गेला. वर्षाला सुमारे पाच लाख डॉलर या दराने पाच वर्षांचा करार झाला. पण खरा ऐवज त्याच्या नावाच्या बुटांच्या विक्रीतल्या वाट्यात होता. एअर जॉर्डन १९८५मध्ये बाजारात आला आणि पहिल्याच वर्षी १२ कोटी डॉलरच्या वर विक्री झाली. एनबीए या बास्केटबॉल लीगमधला जॉर्डनचा सगळ्या कारकिर्दीचा पगार मिळून साधारण ९.४ कोटी डॉलर. आज तो दर वर्षी केवळ बुटांच्या वाट्यातून त्याहून जास्त मिळवतो. १९९२ला बार्सिलोनात, व्यावसायिकांना ऑलिंपिकची दारे उघडल्यावर, अमेरिकेची बास्केटबॉलची ‘ड्रीम टीम’ सुवर्णपदक घ्यायला उभी राहिली, तेव्हा गणवेशावरचे रीबॉकचे चिन्ह झाकायला जॉर्डनने खांद्यावर राष्ट्रध्वज घेतला. हौशीपणाच्या नावाने ओवेन्सला निलंबित करणाऱ्या जगाचा त्या क्षणी पुरता निकाल लागला.

त्यानंतरचे आकडे वाढत गेले, तत्त्व फारसे बदलले नाही. टायगर वुड्स १९९६मध्ये व्यावसायिक झाला तोच नायकीचे ४ कोटी डॉलर घेऊन, आणि २००९मध्ये कारकिर्दीत एक अब्ज डॉलर कमावणारा पहिला खेळाडू म्हणून फोर्ब्सने त्याचे नाव दिले. मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदरने २००६मध्ये साडेसात लाख डॉलर भरून प्रवर्तकाशी असलेला करार तोडला, आणि मग स्वतःच्या लढतींचा गल्ला स्वतःच मोजू लागला. २०१५च्या पॅकियावविरुद्धच्या लढतीचे प्रक्षेपण ४६ लाख घरांनी विकत घेतले. रॉजर फेडररने ऑन या बुटांच्या कंपनीत भागच घेतला. मेसीच्या इंटर मायामीच्या करारात ॲपलच्या प्रक्षेपण वर्गणीचा वाटा आहे. बेसबॉलपटू शोहेई ओतानीच्या ७० कोटी डॉलरच्या करारातले तर ६८ कोटी २०३४पासून पुढे मिळायचे आहेत. जाहिरातींतूनच एवढे येते की पगार थांबला तरी त्याला चालते. उलट माइक टायसन १९९०च्या फोर्ब्सच्या पहिल्या यादीत अव्वल होता आणि २००३मध्ये दिवाळखोर. कमावणे आणि हाती राहणे यांत अंतर असतेच.

महिला खेळाडूंचा इतिहास मात्र अजून अर्ध्या वाटेवर आहे. १९६८च्या विम्बल्डनला पहिल्यांदा रोख बक्षीस मिळाले: रॉड लेव्हरला २,००० पौंड, बिली जीन किंगला ७५०. १९७०मध्ये किंगसह नऊ जणींनी ह्यूस्टनमध्ये एकेका डॉलरच्या करारावर सह्या करून स्वतःची स्पर्धा उभारली. अमेरिकन ओपनने १९७३पासून बक्षिसे समान केली, विम्बल्डनने त्यासाठी २००७ उजाडू दिले. म्हणूनच सर्वाधिक कमाईच्या महिलांमध्ये टेनिसपटूच वर दिसतात. तरी फोर्ब्सच्या २०२४च्या पहिल्या पन्नासांत एकही महिला नव्हती. त्याच वर्षी केटलिन क्लार्क डब्ल्यूएनबीए या अमेरिकेच्या महिला बास्केटबॉल लीगमध्ये आली. तिच्यामुळे प्रेक्षकसंख्येचे विक्रम मोडले, पण नियमाने ठरलेला तिचा पहिल्या हंगामाचा पगार होता ७६,५३५ डॉलर. ऑक्टोबर २०२४मध्ये खेळाडूंच्या संघटनेने जुन्या करारातून बाहेर पडायचे ठरवले, आणि जुलै २०२५च्या ऑल-स्टार सामन्याआधी सरावाला उतरलेल्या सगळ्याजणींच्या टीशर्टवर एकच वाक्य होते: आमचे देणे आम्हाला द्या.