सीलिॲक रोग : निदान आणि ग्लुटेनविरहित आहार

सीलिॲक रोग हा गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याला होणारा, आयुष्यभर सोबत राहणारा स्वप्रतिरक्षाजन्य विकार आहे. याला गव्हाची ॲलर्जी म्हणतात ते चूक. ॲलर्जीत गहू पोटात गेल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत अंगावर पित्ताच्या गाठी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते. सीलिॲकमध्ये शरीराची प्रतिकार यंत्रणा महिनोन्‌महिने, बहुधा गाजावाजा न करता, स्वतःच्याच आतड्याचे अस्तर कुरतडत असते.

ग्लुटेनमधील ग्लायाडिन या घटकाचे काही तुकडे पचनात पूर्ण तुटत नाहीत. आतड्याच्या भिंतीतले टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज (टीटीजी) हे विकर (एन्झाइम) या तुकड्यांची रासायनिक घडण बदलते. एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुके असलेल्या काही माणसांत मग पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, आणि त्याच वेळी टीटीजीविरुद्धही प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होतात. अन्नरस शोषणारे बोटांसारखे रसांकुर झिजतात, शेवटी सपाट होतात. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच शोषले जात असल्याने पहिला फटका रक्ताला आणि हाडांना बसतो, पोट बिघडलेले असो वा नसो.

लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या रोगाचे आधुनिक वर्णन केले. आहारातच इलाज आहे हे त्यांनी ओळखले होते, पण कोणता घटक नडतो ते कळले नाही. पुढे अमेरिकेत सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार सुचवला. मुले सुधारत, श्रेय मात्र केळ्यांना जाई. खरा दोषी गहू आहे हे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विल्लेम डिके यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले.

भारतात हा ‘पंजाबातल्या मुलांचा आजार’ समजला जाई. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील २३ हजारांहून अधिक प्रौढांची एक पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सीलिॲकची प्रतिपिंडे उत्तरेत १.२३, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळली. रोगाला वाव देणारी डीक्यू२ किंवा डीक्यू८ जनुके तिन्हीकडे साधारण तिघांत एकाकडे होती. मोठा फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. ज्वारी-तांदळाचा महाराष्ट्र आता रोज पोळी खातो, तेव्हा इथल्या डॉक्टरने हा रोग ‘आपल्याकडचा नाही’ म्हणून बाजूला सारणे बरोबर नाही.

संशय कधी घ्यावा. लहान मुलांत जुनाट जुलाब, फुगलेले पोट, वजन न वाढणे, उंची खुंटणे ही ठळक लक्षणे. मोठ्यांत चित्र फसवे असते. लोहाच्या गोळ्या नेमाने घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही, तोंड वारंवार येते, यकृताची विकरे विनाकारण वाढलेली दिसतात, कमी वयात हाडे ठिसूळ होतात, वंध्यत्व किंवा वारंवार गर्भपात होतात. कोपर, गुडघे आणि ढुंगणावर अतिशय खाजणारे बारीक फोड उठत असतील, तर तो याच रोगाचा त्वचेवरचा अवतार असू शकतो. तिथे फोडाच्या शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीचा तुकडा तपासतात. टाइप १ मधुमेह, थायरॉइडचे स्वप्रतिरक्षा विकार किंवा डाउन सिंड्रोम असलेल्यांत धोका जास्त. रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांना काही त्रास नसला तरी त्यांचे रक्त तपासावे.

निदान. इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्यांतली पहिली चूक घरीच होते. कोणीतरी सांगते, ‘गहू सोडून बघ’. माणूस गहू सोडतो, बरे वाटते, मग तपासणीला जातो, आणि तोवर प्रतिपिंडे उतरलेली असतात. गहू चालू असतानाच तपासणी करायची, निदान पक्के झाल्यावरच तो बंद करायचा. हा क्रम उलटला की गुंता सोडवायला महिने लागतात. ज्याच्या घरी दोन्ही वेळा भाकरी किंवा भातच असतो आणि पोळी सणावारी, त्याचाही अहवाल खोटा दिलासा देऊ शकतो. म्हणून रक्त देण्याआधी आहारात गहू रोज असतो का आणि किती, हे विचारायलाच हवे.

पहिली चाचणी टीटीजी-आयजीए, म्हणजे टीटीजीविरुद्धच्या आयजीए प्रकारच्या प्रतिपिंडांची. तिच्याबरोबरच रक्तातले एकूण आयजीए मोजावे लागते. सीलिॲकच्या रुग्णांपैकी २ ते ३ टक्क्यांच्या शरीरात आयजीए जवळजवळ नसतेच. त्यांची टीटीजी-आयजीए चाचणी रोग असूनही नकारात्मक येते. अशांसाठी आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या, डीजीपी-आयजीजी किंवा टीटीजी-आयजीजी, करतात. अहवालातल्या नुसत्या आकड्याला अर्थ नाही. एका प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४, दुसरीची १०, तिसरीची २० असू शकते. ‘मर्यादेच्या किती पट’ हे पाहायचे, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत जायचे. मर्यादेच्या जेमतेम वर असलेला आकडा इतर स्वप्रतिरक्षा रोगांत, यकृताच्या विकारांत किंवा संसर्गानंतरही येतो. तेवढ्यावर कोणाचा गहू जन्मभरासाठी काढून घेऊ नये.

यानंतर एंडोस्कोपी. ग्रहणीच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या तुकड्याच्या, दुसऱ्या भागातून तपासणीसाठी अस्तराचे किमान ४ आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून १-२ तुकडे घ्यावे लागतात, कारण झीज सलग नसते, ठिगळांसारखी असते. अस्तर डोळ्यांना ठाकठीक दिसले तरी तुकडे घ्यायचे. ॲसिडिटीसाठी दुर्बीण घातली, ‘सगळे नॉर्मल’ म्हणून काढली, तुकडा एकही घेतला नाही, हे नेहमी घडते. त्यामुळे ‘ग्रहणीतून तुकडे घेणार ना?’ हे आधीच विचारून ठेवावे. पुढची ठेच प्रयोगशाळेत लागते. तुकडा आडवा बसवून तिरका कापला गेला, की निरोगी रसांकुरही आखूड दिसतात. अहवालात झिजेचे प्रमाण सांगणारी मार्श श्रेणी लिहितात. श्रेणी १ म्हणजे फक्त पांढऱ्या पेशींची गर्दी. ती जठरातल्या जंतूंच्या संसर्गात किंवा वेदनाशामक गोळ्यांनीही होते. श्रेणी ३ (अ, ब, क) म्हणजे रसांकुरांची वाढत्या क्रमाने झीज.

झीज दिसली म्हणजे सीलिॲकच, असेही नाही. आपल्याकडे जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग, ट्रॉपिकल स्प्रू हा उष्ण प्रदेशातला अपशोषणाचा विकार, क्वचित आतड्याचा क्षय, आणि रक्तदाबाचे ओल्मेसार्टन हे औषधसुद्धा तसेच चित्र उभे करते. रक्त आणि तुकडा दोन्ही जुळले तर निदान पक्के. तुकडा सकारात्मक आणि प्रतिपिंडे नकारात्मक असतील, तर आधी या बाकीच्या कारणांचा पाठलाग करायचा. मुलांसाठी युरोपातील बालरोग पोटविकार संघटनेने (२०२०) एक सवलत दिली आहे : टीटीजी-आयजीए मर्यादेच्या १० पट किंवा जास्त असेल आणि वेगळ्या दिवशी घेतलेल्या रक्तात ईएमए ही प्रतिपिंडांची दुसरी चाचणीही सकारात्मक आली, तर तुकडा न काढताही निदान करता येते.

एचएलए चाचणी उलट्या बाजूने उपयोगी पडते. दोन्ही जनुके नसतील तर सीलिॲक जवळजवळ नाहीच. असतील तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ती कोट्यवधी निरोगी लोकांतही असतात. आहाराचा तिच्यावर परिणाम होत नसल्याने गहू आधीच सोडून बसलेल्यांसाठी ती पहिली पायरी. ती सकारात्मक आल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली गहू पुन्हा सुरू करून ६ ते ८ आठवड्यांनी रक्त आणि तुकडा तपासतात. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे रोज दोन पोळ्या पुरतात. पाच वर्षांखालील मुलांत आणि वयात येताना झपाट्याने उंची वाढत असताना हा प्रयोग टाळतात. शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या ‘फूड इन्टॉलरन्स’ आयजीजी चाचण्यांचा या रोगाशी संबंध नाही.

आहार. औषध नाही. ग्लुटेन पूर्ण आणि कायमचे बंद, एवढाच उपचार. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसते. ५० मिलिग्रॅम रोज तीन महिने गेले तर अस्तर पुन्हा बिघडल्याचे दिसले आहे. एका पोळीत या १० मिलिग्रॅमच्या अडीचशे-तीनशे पट ग्लुटेन असते. भारतात ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिण्यासाठी एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. त्यावरून त्या शब्दाची किंमत कळावी.

मराठी स्वयंपाकघर या रोगाला बरेच सोयीचे आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि सगळ्या डाळी निर्धोक आहेत. एकादशीचे बहुतेक ताट, उकडीचे मोदक, घावन, आंबोळी, तिळगूळ चालतात. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, दलिया, कुरडई, पुरणपोळी, गुळपोळी, तळणीचे मोदक आणि गोव्याची पोई बंद.

अडचण छुप्या गव्हाची. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू असतोच, मेतकुटातही बहुधा असतो. ‘सातू’ हा शब्द घोटाळ्याचा आहे : कोणी त्याला जव म्हणते, कोणी भाजलेले गहू आणि डाळ्यांचे पीठ; दोन्ही वर्ज्य. डबीतल्या हिंगात कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो. फोडणीच्या चिमटीतून एकाच्या वाट्याला फार येत नाही, पण ती फोडणी रोज दोन्ही वेळा पडते. तांदळाच्या पिठाचा किंवा खडा हिंग घ्यावा. माल्ट म्हणजे बहुधा जव; बिअर आणि दुधात घालायच्या अनेक पावडरी त्याच्याच. सोया सॉसमध्येही गहू असतो. खपली गहू मधुमेह्यांसाठी म्हणून विकला जातो, पण तोही गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. ‘जुना वाण, पचायला हलका’ ही जाहिरात सीलिॲकच्या रुग्णासाठी घातक आहे. ओट्स बाजारात बहुधा गव्हाच्या सान्निध्यातून येतात. शुद्ध ओट्सही आजार आटोक्यात आल्यावर, थोड्या प्रमाणात आणि तपासण्या चालू ठेवून खावेत.

सर्वांत मोठी गळती गिरणीत होते. गव्हावर ज्वारी दळली की दगडांत आणि पीठ पडणाऱ्या कापडी पिशवीत अडकलेली कणीक ज्वारीच्या पिठात उतरते. एक चहाचा चमचा कणीक, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम, एक किलो ज्वारीच्या पिठात मिसळली तर त्यात किलोमागे अडीचशे मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन होते, मर्यादेच्या बारा-तेरा पट. ‘ज्वारीवर ज्वारी’ दळायला सांगूनही पिशवी तीच राहते. म्हणून धान्य घरी आणून निवडून, धुऊन, वाळवून वेगळ्या घरगुती चक्कीवर दळणे हाच भरवशाचा मार्ग. ती परवडत नसेल तर घरच्या मिक्सरवर थोडे थोडे दळून बारीक चाळणीने चाळावे. ती चाळणी कणकेला लावू नये.

घरात बाकीचे पोळी खात असतील तर तवा, पोळपाट-लाटणे, परात आणि लाकडी पळ्या वेगळ्या हव्यात. स्टीलची भांडी नीट घासली की चालतात. भाकरी आधी करावी, पोळ्या नंतर. लाटताना लावायचे पीठ ओट्यावर उडते. बाहेर बटाटेवडा बेसनाचा असला तरी कढई समोशांची असते.

सत्यनारायणाचा शिरा ‘प्रसाद आहे, एवढ्याने काय होतंय’ म्हणून हातावर पडतो, तेव्हा नाही म्हणायला मुलांना शिकवावे लागते. घरी साबुदाण्याचा किंवा तांदळाच्या रव्याचा प्रसाद केला तर प्रश्नच मिटतो. गोव्यातील कॅथलिक रुग्णांपुढे मिस्सेतल्या (चर्चमधल्या उपासनेतल्या) भाकरीचा, म्हणजे गव्हाच्या पातळ चकतीचा प्रश्न असतो. चर्चच्या नियमानुसार ग्लुटेन अजिबात नसलेली भाकरी ग्राह्य नाही, अत्यल्प ग्लुटेनची चालते. तीही सोसत नसेल तर केवळ द्राक्षारस (वाइन) घेता येतो.

पाठपुरावा. टीटीजी ६ महिन्यांनी, १२ महिन्यांनी आणि मग दरवर्षी. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. मोठ्यांत हाडांची घनता. सुरुवातीचे काही महिने दूध पचत नाही, कारण लॅक्टोज पचवणारे विकर रसांकुरांच्या टोकाशी असते. अस्तर भरले की ते बहुधा परत येते. मुलांचे अस्तर लवकर भरते, मोठ्यांना दोन वर्षे किंवा जास्तही लागतात, आणि टीटीजी सामान्य झाली म्हणजे अस्तर भरलेच असे नाही. वर्षभर पथ्य करूनही त्रास राहिला, तर आधी तुकड्यांच्या जुन्या काचपट्ट्या पुन्हा पाहून निदान बरोबर होते का ते तपासतात, मग गिरणी, हिंग, बाहेरचे खाणे. त्यानंतर लॅक्टोज, लहान आतड्यातली जिवाणूंची वाढ, मोठ्या आतड्याचा सूक्ष्मदाह. हे सगळे वगळल्यावरच ‘उपचाराला दाद न देणारा सीलिॲक’ हे निदान करतात. ते विरळा असते. त्याचे दोन प्रकार मानतात, आणि दुसऱ्यातून आतड्याचा लिम्फोमा हा कर्करोग उद्भवू शकतो.