दाढ दुखते, तर मान का तपासतात?

नागपुरात मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात माणूस जातो दाढेसाठी. केसपेपर झाल्यावर डॉक्टर मात्र आधी त्याच्या जबड्याखाली बोटं फिरवतात, मानेच्या दोन्ही बाजू चाचपतात, आवंढा गिळायला लावतात, जीभ कापसाच्या जाळीने धरून डावीकडे-उजवीकडे ओढतात. त्याचीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, तेही बघतात. आलेल्याला वाटतं, दाढेचं सोडून हे काय चाललंय! यातल्या प्रत्येक पायरीमागे मोठा इतिहास आहे, आणि शेवटच्या पायरीशी विदर्भाचा फार जवळचा संबंध आहे.

तोंडाची जागेनुसार तपासणी आपल्याकडे जुनी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ६५ मुखरोग सांगितले आहेत, तेही जागा वाटून: ओठांचे ८, दंतमुळांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, घशाचे १७ आणि सगळ्या तोंडाचे ३. रोग्याला पाहावं, स्पर्श करावा, प्रश्न विचारावेत ही तीन अंगं वाग्भटाने सांगितली. आजच्या ओपीडीतही काम त्याच तिघांवर चालतं.

अडचण होती उजेडाची. ओठापासून टाळूपर्यंत डोळ्याला दिसतं, त्यामागे अंधार. १८०६ मध्ये बोझिनी या जर्मन डॉक्टरने मेणबत्तीचा प्रकाश नळीतून शरीरात नेणारं उपकरण मांडलं, पण ते रुळलं नाही. घशाच्या तळाचं दार उघडलं ते एका गायनशिक्षकाने. मॅन्युएल गार्सियाने १८५४ मध्ये दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. व्हिएन्नाच्या ट्यूर्कने १८५७ मध्ये असा आरसा रुग्णांवर वापरला. हिवाळ्यात ऊन मिळेना म्हणून तो थांबला. चेरमाकने त्याच्याकडून आरसे घेतले, दिव्याचा प्रकाश वापरला आणि तपासणी बारमाही केली. कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या कपाळावरचा गोल भोकाचा आरसा त्याच दशकातला.

मानेचं प्रकरण वेगळं, तिथे डोळ्यापेक्षा बोटं जास्त सांगतात. जीभ, जिभेखालचा भाग, गाल, हिरड्या यांतला लसिका द्रव (उतींमधून झिरपणारा पातळ द्रव) जबड्याखालच्या आणि मानेतल्या मोठ्या शिरेलगतच्या लसिकागाठींकडे जातो. म्हणून तोंडातला कर्करोग पसरताना सहसा आधी तिथेच थांबतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे शल्यचिकित्सक जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये १३२ शस्त्रक्रियांच्या आधारे मांडलं की तोंडातली गाठ काढून भागत नाही, मानेतल्या गाठीही एकत्रित काढाव्या लागतात. मान चाचपण्याला शस्त्रक्रियेचं वजन आलं ते यामुळे. पुढे मानेचे क्रमांकाने विभाग पाडले गेले, त्यामुळे 'डावीकडे दुसऱ्या विभागात गाठ' एवढं लिहिलं की मुंबईच्या डॉक्टरलाही जागा कळते.

बोटांनी काय ओळखायचं? दाबल्यावर दुखणारी, मऊसर, हलणारी गाठ बहुतेकदा जंतुसंसर्गाची असते. किडलेली दाढही तिचं कारण असू शकते, म्हणजे दाढेच्या तपासणीतही मान चाचपणं सुटत नाही. टणक, न दुखणारी, खालच्या उतीला चिकटलेली गाठ मात्र काळजीची. न दुखणाऱ्या गाठीची भीती वाटत नाही, म्हणून लोक ती घेऊन महिनोन्‌महिने फिरतात. आवंढा गिळायला लावतात तो थायरॉइडसाठी: गिळताना ती ग्रंथी वर सरकते, तिच्यातली गाठही तिच्यासोबत.

जीभ ओढतात कारण तिच्या कडा आणि खालचा भाग नुसतं 'आ' केल्याने दिसत नाही, आणि कर्करोग नेमका तिथे लपतो. तोंडाच्या अस्तराचे ठरावीक भाग पाडून त्यांना क्रमांक देण्याची पद्धत डेन्मार्कच्या रोएड-पीटरसन आणि रेनस्ट्रुप यांनी १९६९ मध्ये मांडली. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुखरोगांच्या पाहणीसाठी मार्गदर्शिका काढली. ठरलेल्या क्रमाने गेलं की एखादा कोपरा राहून जात नाही.

आता तीन बोटांची गोष्ट. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमधला एक विकार नोंदवला: तोंडाचं अस्तर फिकट, कडक होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. पुढच्याच वर्षी मुंबईचे जोशी यांनी तो भारतात वर्णन केला. आज त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्याचं मुख्य कारण सुपारी, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. १९७२ मध्ये फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची पाहणी प्रसिद्ध केली. इतकी तोंडं तपासायला लागली ती होती नजर, हात आणि चिकाटी.

विदर्भात या विकाराला खर्र्याने खतपाणी घातलं. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून पानठेल्यावर मिळणारा खर्रा तासन्‌तास गालात राहतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली, पण हाताने घोटलेला खर्रा थांबला नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते. म्हणून आमच्या नागपुरात तोंड किती उघडतं हे पहिल्याच भेटीत मोजणं अटळ आहे. निरोगी माणसाची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात. दोनच जात असतील, तर डॉक्टर मीठसुद्धा झोंबतं का, तिखट सोसतं का, हे विचारतात. एकच बोट जाणाऱ्याच्या घशापर्यंत ना टॉर्च पोचतो ना बोट. नाकातून बारीक दुर्बीण घालावी लागते.

साध्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीने जीव वाचतो का, याचं उत्तर केरळने दिलं. १९९६ पासून तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १३ गटांत मोठा प्रयोग झाला. डॉक्टर नव्हे, प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी तोंडं तपासली. २००५ मधल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर २०१६ मध्ये केंद्राने ३० ते ६५ वयाच्या सर्वांची दर पाच वर्षांनी मुखतपासणी करण्याचा आराखडा दिला.

तीस ही वयाची अट मला खटकते. खर्रा कॉलेजच्या, कधी शाळेच्या वयातच सुरू होतो आणि विशीतल्या पोरांची तोंडं आखडलेली दिसतात. त्यांच्यासाठी तीन बोटांचं माप शाळा-कॉलेजच्या आरोग्य तपासणीतच घ्यायला हवं. एकदा अस्तर कडक झालं की खर्रा सोडल्यावरही तोंड सहसा पूर्वीइतकं उघडत नाही.