एका कानाचा तोल गेला की मेंदू काय करतो

सकाळी उठायला गेलं आणि खोली गरागरा फिरायला लागली, उलट्या थांबेनात, की आपल्या बेळगाव-खानापूर भागात पहिला संशय पित्तावर आणि दुसरा बीपीवर. कानाचं नाव कोण घेणार, ऐकायला तर नीट येतंय! पण आतल्या कानात ऐकण्याच्या भागाला लागूनच तोलाचं यंत्र आहे, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन बारक्या पिशव्या, आणि त्यांच्या नसेला सूज आली (बहुतेक वेळा व्हायरसमुळे असं मानतात) तर त्या बाजूचा सिग्नल अचानक बंद पडतो. बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसतायत असं असेल तर मात्र हे वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आपण गप्प बसलेलो असतो तेव्हाही या नसा गप्प नसतात. माकडांवरच्या प्रयोगांत एकेका तंतूतून सेकंदाला साधारण ९० सिग्नल मोजलेत. मान उजवीकडे वळवली की उजवीकडचे वाढतात, डावीकडचे कमी होतात, मेंदू फक्त फरक बघतो. म्हणून डावा कान बंद पडला की तुम्ही उशीवर पडून असलात तरी मेंदूच्या हिशोबात सतत उजवीकडे फिरताय.

मग काही दिवसांत मेंदूच्या बुडाशी असलेली तोलाची केंद्रं आपापसातला हिशोब नव्याने जुळवतात, मेलेल्या नसेच्या बाजूचं केंद्र स्वतःहून सिग्नल सोडायला लागतं. बेख्तेरेव्ह या रशियन डॉक्टरने १८८३ मध्ये दाखवलं की असं सावरलेल्या प्राण्याचा दुसरा कानही निकामी केला तर त्याला परत उलट्या दिशेची चक्कर येते, म्हणजे दोन्ही कान गेल्यावर फरक शून्य व्हायला हवा तर तसं होत नाही, कारण मेंदूने मधल्या काळात वजन सरकवून ठेवलेलं असतं.

हे आपोआप होतं. पण चालताना, मान वळवताना नजर स्थिर ठेवणं हे मेंदूला चुका करूनच शिकावं लागतं, आणि इथेच आपलं "मावशी, तुम्ही पडून रहा ओ, उठू नका" आडवं येतं. चक्कर थांबवायच्या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस ठीक, नंतर महिनाभर चालू ठेवल्या तर चूकच जाणवत नाही आणि शिकणं लांबतं. त्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका तारखेवर नजर ठेवून मान डावी-उजवी करायची, थोडं गरगरलं तरी चालेल, डॉक्टर किंवा फिजिओ सांगतील तेवढा वेळ. सराव झाला की काहींचे डोळे मान थांबायच्या आधीच बारीक उडी मारून जागेवर येतात, माणसाला पत्ताही लागत नाही.

तरी उणीव राहतेच. बेळगावच्या गणपत गल्लीत सणाच्या गर्दीत चहूबाजूंनी माणसं सरकत असतात तेव्हा डोळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्याला भोवळ येते, आणि पावसात लाइट गेल्यावर ओल्या बांधावरून चालायचं तर डोळे आणि पाय दोन्ही दगा देतात, तेव्हा हातात बॅटरी पाहिजेच.