स्कायची नाव आणि भूपाचे पाच सूर

‘आउटलँडर’ या २०१४ साली सुरू झालेल्या मालिकेत १९४५ मधली एक नर्स दगडांच्या वर्तुळातून थेट १७४३ च्या स्कॉटलंडमध्ये जाऊन पोहोचते. ही विज्ञानकथा की निव्वळ अद्भुतकथा, यावर चाहत्यांनी खुशाल भांडावं. मला तिचं शीर्षकगीत जास्त वैज्ञानिक वाटतं!

चाल ‘स्काय बोट साँग’ची. १८७० च्या दशकात स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या कोरुस्क सरोवरात नावाडी वल्ही मारताना गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतलं एक गाणं म्हणत होते. ते ॲनी मॅक्लाउड यांच्या कानावर पडलं आणि त्यातून ही चाल उभी राहिली. हॅरल्ड बोल्टन यांनी तिच्यावर बसवलेले शब्द १८८४ मध्ये छापून आले. गाण्यात आहे कलोडनच्या लढाईत हरून १७४६ मध्ये स्कायला निसटलेला राजपुत्र चार्ल्स. मालिकेसाठी संगीतकार बेअर मॅक्रिअरी यांनी ही चाल नव्याने बांधली.

पेटीवर वाजवून पाहा. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून ‘प ध प सा’, मग ‘रे ग रे प’. पूर्ण गाण्यात म आणि नी नाहीतच. सूर भूप रागाचे, चलन (सुरांची ये-जा) मात्र वेगळं, त्यामुळे याला भूप म्हणू नये.

गंमत या दोन ओळींत आहे. सा २४० हर्ट्झ (सेकंदाला २४० कंपनं) धरला तर मंद्र प १८० आणि रे २७०, म्हणजे बरोबर दीडपट. पहिल्या ओळीतला प्रत्येक सूर दीडपट केला की दुसरी ओळ तयार! हे पाचही सूर याच दीडपटीतून निघतात: सा पासून प, प पासून रे, रे पासून ध, ध पासून ग. सप्तकाबाहेर गेलं की निम्मं करायचं.

या पाचांत कोणतेही दोन सूर अर्ध्या स्वराइतके जवळ नसतात. २४० आणि २५६ हर्ट्झ हे अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे सूर एकत्र वाजवले तर सेकंदाला १६ ठोके पडतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा लहान-मोठा होतो, आणि कानाला ते खरखरीत लागतं. चीनपासून आफ्रिकेपर्यंत पाच सुरांचं संगीत आढळतं, त्यामागे हे एक कारण असू शकेल. एकमेव नक्कीच नाही.

शिवाय हिशेबात एक फट राहतेच. दीडपटीने काढलेला ग ३०३.७५ हर्ट्झवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून (सर्वांत खालच्या सा च्या तारेतून) उमटणारा स्वयंभू गंधार मात्र याच सप्तकात आणला तर ३०० वर येतो.