हिवतापाचा जंतू इतका ‘साधा’ नाही

‘मलेरियाचा जंतू एकपेशी, त्याला तुटलेला डीएनए कुठला सांधता येणार?’ हे वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे.

प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सर्वात घातक जंतू, तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणाऱ्या हीममुळे (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) ऑक्सिजनचे मारक रेणू तयार होतात आणि ते त्याच्याच डीएनएला इजा करू शकतात. तरीही साधारण ४८ तासांत एकाचे १६ ते ३२ होतात. दुरुस्तीशिवाय हे जमलंच नसतं.

आपल्या पेशी तुटलेली टोकं बऱ्याचदा थेट चिकटवतात. त्यासाठी लागणारी कू प्रथिनं आणि लायगेज-४ या जंतूकडे नाहीत. गैरसमज बहुधा इथूनच निघाला असावा. पण हा जंतू जुळणारा दुसरा डीएनए शोधतो आणि त्यावरून तुटलेला भाग उतरवून घेतो. क्रिस्परने (डीएनए हव्या त्या जागी कापण्याचं तंत्र) त्याचा डीएनए कापून सोबत जुळणाऱ्या डीएनएचा नमुना दिला, तर तो नमुन्याबरहुकूम सांधतो. नमुना नसेल, तर बहुतेक जंतू मरतात.

मला जास्त काळजीची वाटते ती पुढची गोष्ट. याच सांधणीच्या यंत्रणेमुळे त्याच्या सुमारे ६० व्हार जनुकांचे (तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर येणारं प्रथिन घडवणारी जनुकं) तुकडे आपसांत बदलतात आणि तांबड्या पेशीवर असं नवं प्रथिन येतं, जे आपल्या प्रतिकारशक्तीनं कधी पाहिलेलंच नसतं.