पोर्टफोलिओ करायला येताय? आधी मूळ फाइली शोधा

आमच्या ग्राफिक डिझाइनच्या क्लासमध्ये चौकशीला येणारे विद्यार्थी आणि पालक साधारण तेच तेच विचारतात. ग्राफिक डिझाइनला स्कोप आहे का? नोकरीची हमी देता का? एआय आल्यावर हे क्षेत्र टिकेल का? फोनवर घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून हे पत्रक.

स्कोप आहे, पण ‘ग्राफिक डिझायनर’ ही काही एकच नोकरी नाही. लोगो आणि ब्रँडिंग, पॅकेजिंग, पुस्तकं-मासिकांचा लेआउट, ॲपचे स्क्रीन, मोशन ग्राफिक्स, सोशल मीडियाच्या रोजच्या पोस्ट. प्रत्येक कामाला वेगळा स्वभाव लागतो. प्रीप्रेसकडे, म्हणजे छपाईआधी फाइल तपासून तयार करण्याच्या कामाकडे, मात्र फारसं कुणी वळत नाही, नाव चमकदार नाही ना! कापणीसाठी कडेबाहेर ३ मिमी ब्लीड, म्हणजे जास्तीचा छापील भाग, सोडलेला नाही, फोटो आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतच राहिलाय, बारीक मजकूर नुसत्या काळ्याऐवजी छपाईच्या चारही रंगांत गेलाय, हे छपाईची प्लेट निघण्याआधी ज्याच्या नजरेला पडतं, त्या माणसाला छापखाना सहसा सोडत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना तुटलेली जोडाक्षरं आणि हरवलेले रफार पकडणाऱ्याचंही तसंच.

आता ज्यात तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, ती गोष्ट. इंटरव्ह्यूचा फोन आला की मुलं धावत येतात, ‘सर, दोन दिवसांत पोर्टफोलिओ लावायचाय.’ पोर्टफोलिओ म्हणजे दाखवायच्या आपल्या निवडक कामांचा संच. हातात काय असतं? मोबाइलवर कुणाला तरी पाठवलेल्या जेपीईजी. मूळ फाइल लॅपटॉप फॉरमॅट करताना गेलेली असते. जेपीईजीत लेयर, म्हणजे मजकूर-चित्रांचे वेगवेगळे थर, राहत नाहीत, त्यामुळे एक शब्द बदलायचा तरी सगळं नव्याने उभं करावं लागतं. मेसेजवरून फिरलेलं चित्र आणखी बारीक होतं, मोठ्या स्क्रीनवर फाटतं. व्हेक्टरमध्ये, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांच्या गणितावर केलेला लोगो कितीही मोठा केला तरी कडा धारदार राहतात, पण ती व्हेक्टर फाइल जवळ हवी ना! वर्षभराचं काम असूनही मग दोन दिवस जुनंच परत काढण्यात जातात.

म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक कामाचं एक फोल्डर करा. त्यात लेयर असलेली मूळ फाइल, वापरलेले फोटो, फॉन्टची नावं, छपाईची पीडीएफ आणि कागदावरच्या कच्च्या रेघोट्यांचा फोटो ठेवा. नाकारलेले पर्यायही पुसू नका. समोरचा हमखास विचारतो, ‘हाच रंग का घेतलात?’ तेव्हा तेच पर्याय उपयोगी पडतात. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. ‘फायनल_फायनल_२’ असं नाव मात्र देऊ नका, तीन महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

आम्ही पोर्टफोलिओ तयार करून देत नाही, यावर काही जण नाराज होतात. आम्ही तो तुमच्याकडून करून घेतो. दुसऱ्याने सजवलेली पानं तिसऱ्या प्रश्नालाच उघडी पडतात, आणि नाव आमचं जातं. चाळीस पोस्टर नकोत, आठ-दहा कामं पुरतात. व्हिडिओ बघून जशीच्या तशी केलेली एकही नको; पाहणाऱ्याने तोच व्हिडिओ आधी पाहिलेला असतो. नोकरीची हमीही आम्ही देत नाही. निवड करणारा दुसराच कुणी असतो, त्याच्या वतीने शब्द कसा द्यायचा?

एआयबद्दल थोडक्यात. फोटोमागची पार्श्वभूमी काढायला आता काही सेकंद पुरतात, त्यामुळे फक्त तेवढंच येणाऱ्याला अडचण आहे. ग्राहकाच्या गोंधळलेल्या बोलण्यातून नेमकं काय हवंय ते काढणं आणि छापायला जाणाऱ्या फाइलची जबाबदारी घेणं हे अजून माणसालाच करावं लागतं. आमच्या बॅचमध्ये पहिले काही दिवस सॉफ्टवेअर न उघडता पेन्सिलच चालते, ते यासाठीच.

आमचे जुने विद्यार्थी पोर्टफोलिओ दाखवायला केव्हाही येऊ शकतात, त्यासाठी वेगळी फी नाही. बाहेरून शिकलेल्यांसाठी फक्त पोर्टफोलिओची छोटी बॅच असते. आधी वेळ ठरवा आणि इंटरव्ह्यूला निदान तीन आठवडे हातात ठेवून या. येताना फाइली पेन ड्राइव्हवर आणा.