काट्यावर बारीक, आतून जाड

ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझा बीएमआय आला 22.8, त्याला हिरवा गोल आणि शेजारी ‘नॉर्मल’. त्याच कागदावर खाली उपाशीपोटीची शुगर 112. म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, कारण 100 ते 125 ला प्रीडायबेटिस म्हणतात. आता बारीक माणसाला हे कसं काय होतं?

तर बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, बास. केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने 1830 च्या दशकात हे सूत्र मांडलं, तेही माणसांच्या घोळक्याची सरासरी समजावी म्हणून, एकेका पेशंटला तपासायला नाही. काट्याला तुमचे स्नायू आणि तुमची चरबी यातला फरक कळतच नाही ना.

याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या पुण्याचंच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला, दोघांचाही बीएमआय 22.3, पण डेक्सा स्कॅनमध्ये (यात दोन वेगवेगळ्या ताकदीचे एक्स-रे सोडतात, हाड, चरबी आणि बाकीचं मांस ते वेगवेगळं अडवतात, त्यावरून हिशोब लागतो) युडकिनांची चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! खाली त्यांनीच कबुली दिलीय की एकजण मॅरेथॉन पळतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत गाठणं. शास्त्रज्ञांनी स्वतःची अशी फिरकी घेतलेली मला तरी फार आवडते.

पण सगळा दोष लिफ्टवर ढकलता येत नाही. याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा गावांमधली बाळं जन्मल्या जन्मल्या मोजली आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपलं बाळ सरासरी 2.7 किलो, तिकडचं 3.5. पोट, दंड सगळं आपलं बारीक, पण पाठीवरच्या त्वचेची चिमटीत धरून जाडी मोजली तर तिथे तफावत सगळ्यात कमी, म्हणजे मांस कमी पडलं पण चरबी बाळाने राखून ठेवली. याला ते ‘थिन-फॅट’ बाळ म्हणतात. पुढे त्याच मुलांमध्ये दिसलं की गरोदरपणात आईचं बी12 कमी आणि फोलेट (हेही एक जीवनसत्त्वच) जास्त असेल तर मुलाचं शरीर, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला कमी दाद देतं. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी12 ची बोंब असतेच, त्यामुळे हे वाचून मी जरा दचकलोच.

म्हणून आता भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ 25 ऐवजी 23 वर ओढतात आणि कंबरही बघतात, पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80. पॅंटचा नंबर इथे चालत नाही हां, कारण आपण पॅंट पोटाखाली सरकवतो. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरायची, श्वास सोडून, आणि पोट आत न ओढता!

आईच्या शिलाईच्या डब्यातली टेप काढली, 94 आले. बायको म्हणाली तू तिरकी धरलीस, तिने सरळ धरून मोजलं. 95.